नऊ गडी

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील गावांत मुकादमांची ये-जा वाढते. ज्यांनी उचल घेतलेली असते, त्या घरांत बांधाबांध सुरू होते. पीठ-मीठ, तवा, पातेली, अंथरूण-पांघरूण आणि कोयते एवढा संसार बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये चढतो आणि पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतो. ऊसतोडणीस निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' असेच म्हणतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील कित्येक घरांत मग म्हातारी माणसे तेवढी मागे उरतात. मुलेही बरोबर जातात. शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा पडू लागतात. पटांगणावरही एक गोष्ट घडते, तिची नोंद मात्र कोणी ठेवीत नाही. तेथला खो-खो मोडतो.

वास्तविक खो-खोइतका गरिबाचा खेळ दुसरा नसेल. त्याला चेंडू लागत नाही, काठी लागत नाही, बूटही लागत नाहीत. दोन लाकडी खांब रोवावयाचे, फक्कीने रेषा आखावयाच्या, की झाले मैदान. मात्र या खेळाला गडी पुरे लागतात. दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर आठ चौरस असतात. त्यांत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. समोरच्या संघाचे तीन गडी एका वेळी मैदानात उतरतात. ते बसलेल्यांच्या मधून हवे तसे, नागमोडी पळू शकतात. पाठलाग करणाऱ्याला ती मुभा नाही. त्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळावयाचे नाही आणि मधली पट्टी ओलांडावयाची नाही. पळणारा पलीकडे निसटला की त्याने बसलेल्याच्या पाठीवर थाप द्यावी, 'खो' म्हणावे आणि त्याच्या जागी स्वतः बसावे. म्हणजे हा पाठलाग एकट्याचा नव्हेच. नऊ जणांची धाव एकमेकांच्या हाती दिली जाते. एक चौरस रिकामा राहिला, तर तेथे 'खो' देण्यास पाठच उरत नाही. दोन-तीन रिकामे राहिले, तर खेळ उरत नाही.

खेळ मुलांपर्यंत पोचण्यास कोठे काय आडवे येईल, याचा नेम नसतो. लडाखात पाऊस बीडपेक्षाही कितीतरी कमी. पण हिवाळ्यात तेथे पाणी आपोआप गोठते. रात्री जमिनीवर पाणी सोडले की सकाळी बर्फाचे मैदान तयार असते. त्यावर मुले बर्फावरील हॉकी खेळतात. तेथे मुलांची वाण नव्हती; वाण होती स्केटची, म्हणजे तळाला पोलादी पाते बसविलेल्या बुटांची. हे बूट महाग. पूर्वी लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून लोक खेळत. मुली तर मुलग्यांचा खेळ आटोपल्यावर त्यांचे बूट मागून घेऊन बर्फावर उतरत. २०१६ साली भारताचा महिला संघ प्रथमच परदेशी स्पर्धेला गेला, तो लोकांनी दिलेल्या वर्गणीवर. २०१७ साली बँकॉक येथे या संघाने फिलिपिन्सला ४-३ असे हरवून पहिला विजय मिळविला आणि २०२५ साली आशियाई स्पर्धेत कांस्यपदक पटकावले. लडाखात बूट गोळा करावे लागले. बीडमध्ये गडी गोळा करावे लागतात. बूट गोळा करणे त्यातल्या त्यात सोपे.

महाराष्ट्रात हे गडी जमविण्याचे काम पिढ्यान् पिढ्या क्रीडा मंडळांनी आणि व्यायामशाळांनी केले. खो-खो फार जुना खेळ आहे. पण १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बसविले, तेव्हा तो गावागावांत एकाच रीतीने खेळता येऊ लागला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर १९३६ साली बर्लिनला जाऊन देशी व्यायामाची आणि खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. गल्लीतील मंडळांची कीर्ती एवढी दूर जात नाही. पण संध्याकाळी मैदानावर पाणी शिंपणारा, शिट्टी घेऊन उभा राहणारा आणि न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणारा कोणी तरी तेथे असतो. बहुतेकदा तो शाळेतील शिक्षक असतो, नाहीतर मंडळाचा जुना खेळाडू.

प्रियांका इंगळे यांचे उदाहरण या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या मूळच्या केज तालुक्यातील. त्यांचे कुटुंबही पोटापाण्यासाठी गाव सोडून पुण्याकडे गेले. पण जेथे गेले तेथे खो-खोचे मैदान होते, शिकविणारे होते आणि रोज येणारे सवंगडी होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा भारताच्या महिला संघाच्या कर्णधार प्रियांका होत्या. अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने नेपाळला ७८-४० असे हरविले.

उसाच्या फडावर असे काही नसते. तोडलेल्या उसाचे मोकळे रान असते, पण कोयते उद्या कोणत्या शिवारात पडतील हे ठाऊक नसते. शिवाय बारा वर्षांच्या मुलीला खेळण्यास सवड कोठली? पहाटे आई-बाप फडात गेले की कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे, पाणी आणावयाचे, भाकरी थापावयाच्या. मोठ्या होऊ लागलेल्या लेकीला फडावर ठेवण्याची आई-बापांना धास्ती वाटते, आणि त्या धास्तीपोटीच कित्येकींची लग्ने कोवळ्या वयात उरकली जातात.

म्हणून येथे खेळाची पहिली तयारी मैदानावर होत नाही. ती स्वयंपाकघरात होते. आई-बाप तोडणीस गेलेल्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालविले जाते. सकाळ-संध्याकाळ पोटभर जेवण मिळाले, की मूल रात्री आजीजवळ निजते आणि गावातच राहते. २०२१ साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही आखली. मात्र हे सारे वेळेवर व्हावे लागते. चूल पेटण्यास पंधरा दिवसांचा उशीर झाला, तर बैलगाडी तेवढे थांबत नाही. गाडीत बसलेले मूल मग पाडव्याच्या आगेमागेच परत येते.

जेथे ती चूल वेळेवर पेटते, तेथे मार्गशीर्षातल्या थंडीतही संध्याकाळी पटांगणावर फक्की पडते. आठ जण चौरसांत बसतात, एकाचे तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचे पश्चिमेला. आणि नववी मुलगी खांबापाशी उभी राहून शिट्टीची वाट पाहते.