चिप्स भाजताना घाई नको

सासूबाईंचा रक्तदाब वाढला तेव्हा घरात तळलेले वेफर्स आणणे बंद केले आणि 'बेक्ड' लिहिलेली पाकिटे आणू लागलो. त्यातल्या एकावर पुढे बीट, गाजर, पालकाची चित्रे होती. मागच्या बारीक अक्षरांत मात्र पहिला घटक बटाट्याची पूड होता आणि 100 ग्रॅममागे सोडियम 900 मिलिग्रॅम. सोडियमची अडीचपट म्हणजे मीठ. इथे सव्वादोन ग्रॅम. दिवसभरात मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हापासून चिप्स घरीच होतात.

पण घरचे म्हणून ते आपोआप पथ्याचे ठरत नाहीत. बीटमध्ये सुमारे 87 टक्के पाणी असते. चिप्स करायचे म्हणजे ते पाणी घालवायचे. साखर आणि मीठ मात्र तिथेच राहतात. पाव किलो बीटचे जेमतेम वाटीभर चिप्स होतात आणि बोलता बोलता संपतात. म्हणून मीठ आधी लावू नका. चकत्या आक्रसल्या की तेच मीठ खारट लागते. भाजून झाल्यावर चिमूटभर भुरभुरवा. चवीला जिरेपूड, मिरपूड, आमचूर आहेच.

चकत्या किसणीवर एकसारख्या, साधारण 2 मिलिमीटरच्या पाडा. जाड-पातळ झाल्या तर काही करपतात, काही चिवट राहतात. पंच्यावर टिपून कोरड्या करा, पाव किलोला चमचाभर तेल चोळा आणि ट्रेमध्ये एकमेकींवर न चढवता पसरा. बीट, गाजर, रताळे यांचे ट्रे वेगळे ठेवा, कारण प्रत्येकाची वेळ निराळी. ओव्हन 120 अंशांवर ठेवून तासभर धीर धरा, मध्ये एकदा चकत्या उलटा. शेवटची दहा मिनिटे तिथून हलू नका. बीटच्या गडद रंगात करपणे दिसत नाही, आधी वास येतो. किंचित मऊ असतानाच बाहेर काढून जाळीवर ठेवा. गार झाल्यावर कुरकुरीत होतात.

बटाट्याच्या बाबतीत तर घाई नकोच. पिठूळ पदार्थ 120 अंशांपेक्षा जास्त तापले की त्यांत ॲक्रिलामाइड तयार होते, हे स्वीडनच्या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले आहे. रंग जितका तपकिरी, तितके ते जास्त. चकत्या अर्धा तास पाण्यात भिजवा, फिकट सोनेरी झाल्या की थांबा, काळवंडलेल्या टाकून द्या. चिप्ससाठीचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. गारठ्यात त्यांच्यातली साखर वाढते आणि ते लवकर काळपट होतात.

मुतखडा झालेल्यांनी बीट-पालकाचे, मधुमेहींनी बटाटा-रताळ्याचे चिप्स डॉक्टरांना विचारूनच खावेत. इतरांनीही वाटीत काढून घ्यावेत, डबा समोर ठेवून बसू नये. ताटातली कोशिंबीर मात्र चिप्ससाठी कधी वगळू नका. बीटमधले पाणी आणि त्याने भरणारे पोट तिथेच मिळते.