दहा ओळींच्या पुस्तकाला संपादक कशाला?

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. आमच्याकडे घरोघरी ‘नीट’ची तयारी चालते, हिला मात्र लहान मुलांच्या पुस्तकांची संपादक व्हायचं आहे. दहा-बारा ओळींच्या पुस्तकात संपादक नेमकं करतो काय? आणि नांदेड-लातुरात राहून हे काम जमतं का?
– एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : पुस्तकात ओळी जितक्या कमी, तितकं संपादकाचं काम वाढतं. मोठ्यांच्या कादंबरीतलं एखादं पान सैल पडलं तर वाचक सांभाळून घेतो. सहा वर्षांचं लेकरू घेत नाही, ते उठून जातं. त्या लेकराच्या वतीनं पुस्तक सर्वांत आधी वाचणारा माणूस म्हणजे संपादक.

पहिलं काम, आलेल्या संहिता वाचणं. अनेक कथा चांगल्या धावतात आणि शेवटी उपदेशावर येऊन थांबतात. तो शेवट काढायला लेखकाला राजी करणं हे या कामातलं मोठं कौशल्य. मग पानांचा हिशेब. सेंटर पिनच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीतच बसतात : १६, २४, ३२. संपादक कोऱ्या कागदांची डमी करतो आणि मजकूर पानोपानी वाटतो. उत्सुकता उजव्या पानावर ताणायची, उलगडा पान उलटल्यावर. चित्रात कुत्रं ओलंचिंब दिसत असेल, तर ‘कुत्रं भिजलं होतं’ हे वाक्य कापायचं.

चित्रकारासोबतच्या कामात मराठवाड्याचा माणूस फार उपयोगी पडतो. ‘खेड्यातलं घर’ म्हटलं की सवयीनं उतरतं कौलारू छप्पर काढलं जातं. लातूरकडचं जुनं घर माळवदाचं, सपाट छताचं. गोष्ट किल्लारीची असेल तर ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाआधीची की नंतरची, हेही विचारावं लागतं. आधी दगडमातीच्या जाड भिंतींचे वाडे होते, नंतर पुनर्वसित गावातली ओळीनं बांधलेली घरं आली. वेळ अमावस्येच्या गोष्टीत शेतातली कडब्याची कोप, आंबील आणि भज्जी हवीच. संपादकानं चित्रकाराला फोटो पाठवायचे, कच्ची रेखाटनं तपासायची. औसा-निलंग्याच्या मुलाला पुस्तकात आपलं शिवार ओळखू आलं पाहिजे, हा त्याचा हक्क आहे.

त्यानंतर अक्षरं. नुकतं वाचू लागलेल्या मुलासाठी टाइप मोठा, ओळी मोकळ्या, जोडाक्षरं बेतानं आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा नाही. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचेच हवेत. ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयानं ते वळण ठरवून दिलं आहे. मग मुद्रितं पुन्हापुन्हा वाचणं आणि छपाईआधी रंग तपासणं.

संपादकाचा एक प्रश्न पुस्तकाची दिशा कशी बदलतो, त्याचा दाखला अमेरिकेतला आहे. लेखक-चित्रकार मॉरिस सेंडाक रानटी घोड्यांची गोष्ट करणार होते, पण घोडे काही त्यांना नीट काढता येईनात. मग काय काढता येईल, असं त्यांच्या संपादक उर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांनी विचारलं. घोड्यांच्या जागी अजब प्राणी आले आणि १९६३ साली ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ निघालं. साडेतीनशेही शब्द नसलेलं ते पुस्तक आज जगभर वाचलं जातं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. ‘बालभारती’चं पाठ्यपुस्तक भांडार लातुरात आहे, पण पुस्तकं घडतात पुण्यात. ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं, तेही मराठवाड्याबाहेरून. तरी मराठवाडा कोरडा नाही. नांदेडचं इसाप प्रकाशन बालसाहित्य छापतं. नांदेडचेच सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला २०२५चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. संहिता, रेखाटनं, मुद्रितं आता ईमेलनं येतात-जातात, त्यामुळे गाव न सोडताही बरंच काम होतं. कमाईचं स्पष्ट सांगायला हवं : सुरुवातीला केवळ यावर घर चालणं कठीण. अनुवाद, मुद्रितशोधन किंवा शिक्षकी पेशाची जोड ठेवावी.

मुलीनं पदवीसाठी थांबू नये. ‘किशोर’चे जुने अंक ‘बालभारती’च्या संकेतस्थळावर मोफत आहेत, ते वाचावेत. ‘बालभारती’च्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाचं आतलं श्रेयपान बघावं, समिती, संयोजन, चित्रं, अक्षरजुळणी, निर्मिती, कागद अशी कामाची अख्खी साखळी तिथं छापलेली असते. आणि आठवड्यातून एकदा जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन पहिली-दुसरीच्या मुलांना पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवावं. कुठं मुलं पुढं सरकली, कुठं चुळबुळ सुरू झाली, याची पानवार नोंद ठेवावी. पुढं प्रकाशकाकडे काम मागायला जाताना ही वही सोबत न्यावी. मुलांचं वाचन जवळून पाहिलेला माणूस प्रत्येक चांगल्या प्रकाशकाला हवाच असतो.