आरामात घेईल, म्हणाले होते

"सोळा-सतरा किलो घेऊन तीन दिवस चालायचंय. ही सॅक घेईल का?" हा प्रश्न मी दुकानात एकदा नाही, दोनदा विचारला होता. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, "आरामात." हे आधीच सांगून टाकते, कारण परत आल्यावर जो तो मलाच विचारत होता, घेताना नीट चौकशी केली नव्हतीस का? केली होती.

माझी जुनी सॅक अडीच किलोची. ही नवी 55 लिटरची, वजन अवघं 900 ग्रॅम. दीड किलो वाचणार म्हटल्यावर कुणालाही मोह होईल. दुकानदारांनी आत चुरगाळलेले कागद ठासून ती माझ्या पाठीवर चढवली, पट्टे ओढले आणि आरशासमोर उभं केलं. कागद भरलेली कुठलीही पिशवी पाठीवर छानच बसते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, असं आता म्हणणं सोपं आहे. वीस वर्षं हा व्यवसाय करणाऱ्या माणसाला मात्र ते ठाऊक होतं.

डिसेंबरात आम्ही रतनगड ते हरिश्चंद्रगड रेंज ट्रेकला निघालो. सात जणांतले दोघं आयत्या वेळी गळाले, त्यामुळे त्यांच्या वाट्याचं पातेलं, डाळ-तांदूळ आणि तंबूचा निम्मा भाग माझ्याकडे आला. रतनवाडीत काट्यावर टांगली तेव्हा सॅक साडेसोळा किलो भरली. दुकानात सांगितलं होतं त्याहून एक ग्रॅमही जास्त नाही.

पहिला इशारा रतनगडाच्या शिड्यांवर मिळाला. आत फ्रेम नसल्यामुळे भरलेली सॅक पाठीला चिकटून उभी राहीना, बोचक्यासारखी गोल फुगली आणि तिचा भार मागे, पाठीपासून दूर लोंबू लागला. शिडीवर एक हात सोडला की अख्खं अंग मागे ओढलं जायचं. वर पोचले तेव्हा पोटऱ्या लटपटत होत्या. मी म्हटलं, पहिला दिवस आहे, अंगाला सवय होईल. रात्री गुहेत खांद्यांवर दोन लाल वळ दिसले, तरी हेच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गडावरच्या टाक्यातून चार लिटर पाणी भरून उतरलो आणि कात्राबाईच्या खिंडीची वाट धरली. त्या चढावर उजव्या हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. मी सॅक वर उचलून पट्टे आवळले. मुंग्या वाढल्या. सैल केले तर सगळं ओझं मागे जाऊन कंबर मोडायला लागली. खिंडीत पोचून बाटलीचं झाकण उघडायला गेले, तर बोटं वळेचनात. स्वतःच्या हाताकडे बघत होते आणि तो माझा वाटत नव्हता. ते अर्धं मिनिट मी अजून विसरलेले नाही.

आमच्या गटातली सगळ्यात धाकटी मुलगी म्हणाली, "ताई, थोडा वेळ माझी घ्या." तिची सॅक भावाची, जुनाट, नुसती रिकामी सव्वादोन किलोची, आणि भरून माझ्याएवढीच. मी ती चढवली, कमरेचा पट्टा लावला आणि थबकलेच. खांद्यावर काही नव्हतंच! ओझं होतं, पण ते कमरेच्या हाडांवर बसलं होतं, आणि पाय ते मुकाट्याने घेऊन चालले होते. पंधरा मिनिटांनी मुठी उघडायला-मिटायला लागल्या. इकडे ती पोरगी माझ्या 'हलक्या' सॅकखाली वाकून चालत होती. तेव्हा मला कळलं की मी हलकी पिशवी विकत घेतली होती आणि ओझं जड करून घेतलं होतं.

कुमशेतजवळ एक बाई डोक्यावर हंडा घेऊन येताना दिसल्या. चुंबळीवर हंडा, ताठ पाठ, चाल संथ. ओझं थेट मणक्यावरून कमरेत आणि कमरेतून पायांत उतरलेलं. सॅकने नेमकं हेच साधायचं असतं. 1952 पासून ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या सॅक बनवणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या डिक केल्टी यांनीही हेच ओळखलं होतं. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत फ्रेमची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली, की खांद्यांवरचा भार कमरेवर जातो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आणि 'हिपबेल्ट काय, शोभेचा असतो' हे मला पुण्यातल्या दुकानात ऐकवलं गेलं.

पाचनईला मी ट्रेक सोडला. माझं सामान बाकीच्यांनी वाटून घेतलं, ते गडावर गेले आणि मी जीपने राजूरला. हरिश्चंद्रगडावरचा कोकणकडा बघायचा राहिला. उजव्या हाताची दोन बोटं पुरती ताळ्यावर यायला तीन आठवडे लागले. पट्ट्याने नस दाबली गेली, असं डॉक्टर म्हणाले.

घरी सॅक धुताना आतल्या खिशातल्या लेबलवरचं किमतीचं स्टिकर भिजून सुटलं. खाली छापलं होतं, कमाल भार 9 किलो. स्टिकर दुकानाचं होतं. ते मुद्दाम तिथे चिकटवलं की चुकून, हे मी सिद्ध करू शकत नाही. सॅक घेऊन दुकानात गेले. आधी उत्तर मिळालं, "तुमची भरायची पद्धत चुकली असेल." लेबल दाखवल्यावर, "कंपनी आपली सेफ्टीसाठी काहीही लिहिते." आणि शेवटी, "मॅडम, एवढं वजन लेडीजनी घ्यायचंच कशाला?" पैसे परत मिळाले नाहीत. पैशांचं दुःख कधीच विरलं, ते शेवटचं वाक्य अजून सलतं.

म्हणून सांगते. दुकानात जाताना घरून ओझं घेऊन जा. तांदळाच्या पाच किलोच्या दोन पिशव्या आणि लिटरच्या चार बाटल्या, झाले चौदा किलो. ते भरून दुकानात वीस मिनिटं चाला, जिना असेल तर चढा-उतरा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. जो भरूच देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

पाठीचं माप घ्या, उंचीचं नाही. मान खाली घातल्यावर मागे जे हाड टोचतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत. टेप दुसऱ्याला धरायला सांगा. माझं 40 सेंटिमीटर भरलं. ती 'फ्री साइज' सॅक पाठीला इतकी लांब होती की तिचा हिपबेल्ट माझ्या नितंबांवर घसरायचा. बेल्टचा मधला भाग कमरेच्या हाडांवर यायला हवा, पोटावर नाही आणि खालीही नाही. बेल्ट आवळून खांद्याचे पट्टे थोडे सैल करा. ओझं तरीही कमरेवर तोलून राहिलं, पट्ट्याखाली बोट सहज गेलं, तर सॅक तुमची.

रिकामी सॅक वरून-खालून धरून दाबा. घडी पडली, तर ती नऊ-दहा किलोच्या पुढे नेऊ नका, मग कापड कितीही चांगलं असो. वाकायला नको, आत ॲल्युमिनियमची पट्टी किंवा कडक पत्रा हवा. खांद्याच्या पट्ट्यांवरून सॅकच्या माथ्याकडे जाणाऱ्या बारीक पट्ट्यांना ताण द्यायलाही फ्रेमच लागते. माझ्या सॅकला त्या पट्ट्या होत्या, पण ताणल्या की नुसतं कापड गोळा व्हायचं. फ्रेम असलेली दीड-पावणेदोन किलोची सॅक मिळते, तेवढं वजन खुशाल घ्या. ग्रॅम वाचवायचे तर तंबूत, भांड्यांत, कपड्यांत वाचवा.

जड सामान पाठीला लागून, मध्यावर भरा. बिल जपून ठेवा. लेबल वाचा, त्यावर स्टिकर असेल तर ते आधी काढायला लावा. आणि बोटांना मुंग्या आल्या तर पट्टे आवळत बसू नका, सॅक उतरवा आणि सामान वाटून द्या. मी लाजेपायी दोन तास गप्प राहिले.

येत्या जानेवारीत पुन्हा हाच रेंज ट्रेक आहे. माझं वजन 56 किलो, त्याच्या पावपटीच्या वर ओझं घ्यायचं नाही असं ठरवलंय. काल नव्या सॅकमध्ये तांदूळ आणि पाणी भरून चौदा किलो केले आणि सोसायटीचे चार मजले पाच वेळा चढले-उतरले. बोटांना काही झालं नाही.