अणुइंधनाचे कवच आणि तापलेली वाफ

अणुभट्टी म्हटली की युरेनियम आठवते. ते ज्या नळ्यांत भरतात त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक संकटात पहिली कसोटी लागते ती या नळ्यांचीच.

आपल्या राज्यात तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. त्यांतील इंधनाच्या नळ्या झिर्कॅलॉयच्या, म्हणजे बहुतांशी झिर्कोनियमच्या. हा धातू न्यूट्रॉन फारसे शोषत नाही आणि ३०० अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात वर्षानुवर्षे टिकतो.

पण पाणीच आटले तर? भट्टी बंद केली तरी किरणोत्सारी पदार्थ उष्णता देतच राहतात. सुरुवातीला ती पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के असते. नळ्या उघड्या पडतात, भोवती वाफ कोंडते. १२०० अंशांच्या पुढे झिर्कोनियम वाफेतील ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेतो. या क्रियेतून उष्णता निघते, त्या उष्णतेने क्रिया आणखी वाढते. म्हणजे आगच आगीला सरपण पुरवते! नळी ठिसूळ होते आणि हायड्रोजन मोकळा सुटतो, एक किलो झिर्कोनियममागे सुमारे ४४ ग्रॅम. आकडा लहान दिसतो, पण भट्टीत हा धातू टनांनी असतो. मार्च २०११ मध्ये त्सुनामीनंतर जपानमधील फुकुशिमा येथे इमारती फुटल्या त्या याच हायड्रोजनमुळे. तेथील भट्ट्याही तारापूरच्या या दोन भट्ट्यांप्रमाणे उकळत्या पाण्याच्याच.

त्यानंतर नव्या कवचांच्या शोधाला वेग आला. त्यातील सोपा उपाय भांड्यांच्या गावच्या, म्हणजे आपल्या भंडाऱ्याच्या माणसाला चटकन कळावा. पितळ काळवंडते, चिंचेने घासावे लागते. स्टेनलेस स्टील गंजत नाही, कारण त्यातील क्रोमियम पृष्ठभागावर न दिसणारा ऑक्साइडचा थर धरते. झिर्कॅलॉयच्या नळीवर क्रोमियमचा अतिशय पातळ लेप दिला की असाच थर वाफेला अडवतो. मात्र सुमारे १३३० अंशांना क्रोमियम आणि झिर्कोनियम एकमेकांत वितळू लागतात आणि संरक्षण संपते. लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू वाफेत अधिक टिकतो, पण न्यूट्रॉन जास्त खातो. सिलिकॉन कार्बाइड उष्णतेला दाद देत नाही. ते ठिसूळ, हीच अडचण. २०१८ साली अमेरिकेतील हॅच केंद्रात लेपाच्या व लोहमिश्रधातूच्या नळ्या चाचणीसाठी बसविल्या गेल्या.

यांना ‘अपघात सहन करणारे इंधन’ म्हणतात. मला हे नाव जरा मोठेच वाटते. पाणी परत आलेच नाही तर कोणतेही कवच शेवटी हरते. मिळतो तो थोडा वेळ. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीतील इंधन ११ मार्चच्या संध्याकाळीच वितळू लागले होते, आणि अग्निशामक गाडीने आत पाणी सोडता आले ते दुसऱ्या दिवशी पहाटे.