हौदाचे पाणी आणि संगणकाच्या जोडण्या

आपल्या शहरात पाहुणे आले की त्यांना पाणचक्की दाखविण्याचा प्रघात आहे. पाहुणे जाते पाहतात, हौदातले मासे पाहतात आणि परततात. परंतु डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून येथवर आणावे, ते उंचावरून पाडून त्याच्या जोरावर जाते फिरवावे आणि हौदात साठवावे, या योजनेमागील विचाराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पाणी लागेल तेव्हा दर वेळी डोंगर गाठायचा, की जवळच साठा करून ठेवायचा? संगणकाच्या जगात हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो, आणि तो न समजल्यामुळे माझी कशी फजिती झाली ते पुढे सांगणारच आहे.

१९७० साली एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची रीत मांडली. आज्ञावली लिहिणारा मात्र तक्त्यांत विचार करीत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर 'विद्यार्थी', 'पुस्तक', 'अर्ज' अशा वस्तू असतात. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या साधनांना ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, थोडक्यात ओआरएम, म्हणतात. जावा भाषेतील हायबरनेट, पायथनमधील एसक्यूएलअल्केमी व जँगो ही त्यांतली प्रसिद्ध नावे होत.

दुभाष्याला माहितीसाठ्याशी बोलायचे तर आधी जोडणी हवी, आणि जोडणी फुकट मिळत नाही. दोन संगणकांची ओळख पटते, नाव व परवलीचा शब्द तपासला जातो, आणि पोस्टग्रेससारख्या साठ्यात तर प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया उभी राहते. एका ओळीची माहिती विचारायला एवढा खटाटोप! म्हणून काही जोडण्या उघडून तयार ठेवतात, मागेल त्याला उसन्या देतात व काम झाले की परत घेतात. यास इंग्रजीत 'कनेक्शन पूल' म्हणतात. आपल्याकडे पूल म्हटले की नदीवरचाच आठवतो, म्हणून मी त्यास हौद म्हणतो.

एसक्यूएलअल्केमीचा हौद वेगळे काही सांगितले नाही तर ५ जोडण्या जपून ठेवतो. गर्दी झाली तर आणखी १० तात्पुरत्या उघडतो. सोळाव्याने रांगेत थांबायचे आणि ३० सेकंदांत काही हाती आले नाही तर चूक पत्करून परतायचे. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या साधनात 'सेशन' नावाचा व्यवहार सुरू होताच जोडणी घेतली जात नाही. पहिला प्रश्न विचारला की ती हौदातून निघते आणि व्यवहार पक्का होईपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत त्याच्याच ताब्यात राहते. मधल्या वेळात तो तिचा उपयोग करतो की नुसता बसून राहतो, हे हौद पाहत नाही.

माझी फजिती नेमकी येथेच झाली. महाविद्यालयाच्या निबंधस्पर्धेची नोंदणी करणारी छोटीशी आज्ञावली आम्ही तिघा मित्रांनी लिहिली होती. अर्ज साठ्यात लिहायचा, मग विद्यार्थ्याला पोचपावतीचे ई-पत्र पाठवायचे आणि त्यानंतर व्यवहार पक्का करायचा, असा क्रम मी ठेवला. तो मला मोठा शहाणपणाचा वाटला, कारण पत्र गेले नाही तर नोंदही राहणार नव्हती. शेवटच्या दिवशी पत्र पाठविणारी सेवा मंदावली आणि एकेक पत्र निघायला अर्धा-पाऊण मिनिट लागू लागले. तेवढा वेळ प्रत्येक अर्ज एकेक जोडणी धरून बसला. पंधरा जण पत्राची वाट पाहत होते आणि साठा मोकळाच होता, तरीही सोळाव्याला दार बंद! कन्नडहून सकाळच्या एस. टी.ने आलेला प्रथम वर्षाचा एक मुलगा हस्तलिखित हातात घेऊन संगणकापुढे तीन वेळा बसला. तिन्ही वेळा चूक आली. दुपारी परतीची गाडी गाठायची म्हणून तो निघून गेला, आणि संध्याकाळी मुदत संपली.

मी तेव्हा काय केले असेल? हौद मोठा केला. बहुतेक जण हेच करतात, आणि ते चुकते. पोस्टग्रेस स्वतः साधारणतः १०० जोडण्यांची मर्यादा घालून असते. आज्ञावलीच्या आठ प्रती चालू असतील तर प्रत्येकीचा हौद वेगळा असतो. आठ गुणिले पंधरा म्हणजे १२०, म्हणजे मोठा न करताही मर्यादा ओलांडली! खरा उपाय क्रम बदलण्याचा होता. आधी व्यवहार पक्का करायचा, जोडणी परत द्यायची आणि पत्र नंतर सावकाश पाठवायचे.

हौदातले पाणी शिळेही होते. मायएसक्यूएल २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, गप्प असलेली जोडणी आपणहून तोडते. हौदाला ते कळत नाही. रात्रभर सामसूम असली की सकाळी पहिल्या येणाऱ्याच्या हाती मेलेली जोडणी पडते. म्हणून देण्यापूर्वी ती जिवंत आहे का हे विचारण्याची, अथवा ठरावीक वयानंतर ती बदलण्याची सोय असते. ती मागितल्याखेरीज मिळत नाही.

जँगोने पुष्कळ वर्षे हौदच ठेवला नव्हता. मागणी आली की जोडणी उघडायची, उत्तर दिले की मिटायची. जोडणी काही काळ उघडी ठेवण्याची मुभा पुढे आली. पोस्टग्रेससाठी खरा हौद मात्र २०२४ सालच्या ५.१ या आवृत्तीत आला. थोडी वर्दळ असलेल्या कामाला ती जुनी रीत पुरते. आमच्या स्पर्धेची नोंदणी पुढच्या वर्षी आम्ही तिच्यावरच चालविली, पत्र नंतर पाठवून.