परदेशातली उन्हाळी सुट्टी आणि आपला कोकणातला गडगा



दहावीनंतर मुलं शाळेतून जातात, पण आपला फोन नंबर त्यांच्या घरी राहतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या बाबांचा फोन आला. मुलगी जर्मनीत एमएस्सी करते आहे. तिकडे उन्हाळी सत्राचे तास जुलैच्या मध्याला संपतात आणि हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतं. मध्ये परीक्षा असतात, तरी काही आठवडे मोकळे मिळतात.

"बाई, कर्ज काढून पाठवली तिला. सुट्टीत चार पैसे कमवायचे सोडून ही म्हणते, फुकट काम करायला जाते. तुम्हीच सांगा आता."

मी तिला फोन लावला. तिच्यापुढे दोन पर्याय होते. एक, फी भरून कंबोडियातल्या एका अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांना शिकवायचं. दुसरा, दक्षिण फ्रान्समधल्या सेवेन डोंगरात पडलेले दगडी बांध पुन्हा रचायचे. मी लगेच बोलून गेले, "अगं, मुलांकडे जा. पुण्याचं काम आहे. दगड काय, आपल्याकडेही आहेत."

ती म्हणाली, "बाई, मला ना त्यांची भाषा येते, ना शिकवायला येतं. आणि दोन आठवड्यांनी मी निघून आल्यावर त्या मुलांचं काय?"

मला उत्तर सुचलं नाही. २२ वर्षं शिकवते आहे. हा प्रश्न खरं तर मला पडायला हवा होता. मग मी वाचायला बसले. त्यातलं जे आपल्या उपयोगाचं वाटलं, ते इथे मांडते.

पुण्याचं काम की बाजार?

कंबोडियात पर्यटक वाढले, तशा मुलांच्या अशा संस्थाही झपाट्याने वाढल्या. तिथल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, निदान एक जण तरी हयात असतो. मग ती मुलं संस्थेत का? घरची गरिबी, शिक्षणाची आशा, आणि पाहुणे येतात म्हणून संस्थेला लागणारी मुलं. म्हणजे चांगल्या मनाने दिलेला पैसाच कधी कधी लेकराला घरापासून तोडतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ मध्ये बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली.

आपल्याला हे कळायला लांब जायला नको. वर्षाच्या मध्यात बाईंची बदली झाली, की पहिलीतलं पोर आठवडाभर दाराकडे बघत "आमच्या बाई कधी येणार?" असं विचारत राहतं. त्या संस्थांमधल्या मुलांच्या बाई दर पंधरा दिवसांनी बदलतात.

श्रमशिबिरांची गोष्ट

दुसऱ्या पर्यायामागे मोठा इतिहास निघाला. पिएर सेरेसोल नावाचे एक स्विस अभियंते होते. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, त्यांनी फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात शिबिर भरवलं. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतली माणसं तिथे मिळून घरं उभारायला लागली. जर्मन स्वयंसेवक नकोत म्हणून विरोध झाला आणि शिबिर काही महिन्यांत थांबलं. पण त्यातूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था उभी राहिली.

हेच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये येऊन राबले. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, १९५० च्या दशकात याच संस्थेचे परदेशी तरुण वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात आले आणि त्यांनी तिथे बांधकाम केलं. त्या काळी कुष्ठरोग म्हटलं की जवळची माणसंसुद्धा पाठ फिरवत. तेव्हा त्या मुलांच्या आईवडिलांनाही आपल्यासारखाच प्रश्न पडला असेल: कुठे चाललंय हे पोर?

ती काय शिकली?

शेवटी ती सेवेनला गेली. तिथल्या उतारांवर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आहेत. चेस्टनटच्या झाडांवर तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गुजराण केली. गावं ओस पडत गेली, तसे बांध ढासळले. ते रचायचे, पण सिमेंट किंवा चुना न वापरता. मोठे दगड तळाला, वरचा प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर, मधल्या फटीत बारीक दगड, आणि भिंत किंचित डोंगराकडे कललेली. पाणी फटींतून निघून जातं, म्हणून भिंत फुगत नाही. ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

पहिल्याच दिवशी तिने आजोबांना व्हिडिओ कॉल केला. आजोबा म्हणाले, "हा तर आपला गडगा! सांधा तुटला पाहिजे, सांग त्या गवंड्याला." गवंड्याने मान डोलावली. त्याला मराठी येत नव्हतं, आजोबांना फ्रेंच येत नव्हतं, पण दगडाची भाषा दोघांनाही येत होती.

स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या. तिच्या पाळीला पिठलं-भात झाला. दुपारी ऊन चढायच्या आत काम आटपायचं. शिबिर संपल्यावर दहा दिवस रेल्वेने फिरून ती व्हर्दूनला गेली. तिथल्या दुओमाँच्या अस्थिस्मारकात सुमारे १,३०,००० अनोळखी सैनिकांच्या अस्थी आहेत, फ्रेंच आणि जर्मन एकत्र. तिथून तिने मला लिहिलं, "बाई, आमच्यावाचून फ्रान्सचं काही अडलं नव्हतं. चार मीटर भिंत झाली. पण मदत करायला आधी शिकावं लागतं, हे कळलं."

पालकांनी विचारायचे प्रश्न

१. हे काम त्या गावाने मागितलं आहे, की पाहुण्यांसाठी तयार केलं आहे?

२. पैसे कुठे जातात? श्रमशिबिरात साधारणपणे थोडं नोंदणी शुल्क असतं, राहणं-जेवण शिबिराकडे आणि प्रवासखर्च आपला.

३. मुलांसोबतचं काम असेल, तर संस्था चारित्र्य पडताळणी मागते का? मागत नसेल तर नकोच.

४. व्हिसात बसतं का? नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनच्या साध्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा चालते. जर्मनीचा निवास परवाना असलेल्या विद्यार्थ्याला इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, पण काम करण्याचे नियम त्या त्या देशाचे.

५. आरोग्य विमा तिथे चालतो का? युरोपीय संघात आपत्कालीन क्रमांक ११२ आहे, तो पाठ हवा.

६. असं काम मुलाने इथे कधी केलं आहे का? राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. तिथे ज्याने हात मळवले, त्याला परदेशातही अवघड जात नाही.

वर्गात घेण्यासाठी

नववीच्या वर्गाला मी विचारलं, "आपल्या गावात दोन आठवड्यांसाठी दहा परदेशी विद्यार्थी आले, तर त्यांना कोणतं काम द्याल आणि कोणतं देणार नाही?" गट पाडून चर्चा ठेवा आणि कारणं लिहून घ्या. माझ्या वर्गात एक मुलगा म्हणाला, "बाई, आधी आठ दिवस त्यांना नुसतं बघू द्या." यापेक्षा चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

यंदा मार्चमध्ये ती घरी आली होती. तिच्या बाबांनी एक फोटो पाठवला. परसातला ढासळलेला गडगा आजोबा आणि नात मिळून रचतायत. खाली लिहिलं होतं, "बाई, फुकटचं काम इथेही सुरू झालं आहे."