शेतीत वय मोठे की नजर?



गटात फिरताना एक तक्रार घरोघरी कानी येते. थोरले म्हणतात, "पोराला काय कळतंय? चाळीस पावसाळे काढलेत मी." पोरगा म्हणतो, "आबा अजून तीन फुटी सरीलाच धरून बसलेत." आणि दोघांच्या वादात लागण पंधरा दिवस लांबते.

आम्हाला या बाबतीत धडा मिळाला तो २००२ साली. डिप्लोमा करून नुकतेच कामाला लागलो होतो. त्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात पांढरा लोकरी मावा दिसला आणि बघता बघता ऊसपट्ट्यात पसरला. पानाखाली कापूस पिंजून ठेवल्यासारखा थर, पानावर काळी काजळी. जुन्या जाणत्यांनी हा प्रकार कधी पाहिला नव्हता आणि आमच्या पुस्तकातही तो नव्हता. सगळेच एका इयत्तेत बसलो म्हणायचे.

आम्ही काय केले? फवारा, फवारा म्हणून सांगत सुटलो. दहा फूट वाढलेल्या उसात पंप घेऊन माणूस शिरत नाही, औषध पानाच्या खालच्या अंगाला पोचत नाही, हे दिसत होते. तरी सांगत राहिलो. एक वयस्कर सभासद (नाव घालत नाही, त्यांना आवडणार नाही) रोज सकाळी सरीत शिरून पाने उलटून बघत. एके दिवशी त्यांनी आम्हाला हाताला धरून आत नेले. "सायेब, ही अळी माव्याला खातीया. तुमचं औषध आधी हिलाच मारतंय." माव्यातच जाळी करून ती बसली होती. तीच ही डिफा, जी पुढे सर्वांना माहीत झाली. जोडीला मायक्रोमस. शास्त्रज्ञांचा सल्लाही मग तोच आला: मित्रकीटक असलेल्या प्लॉटात फवारू नका, तिथली अळ्या-कोषांची पाने नेऊन दुसऱ्या प्लॉटात लावा.

याला वयाचा विजय म्हणावे, तर तसेही नाही. त्यांच्या बांधाला लागूनच त्यांच्या वयाचे दुसरे बागायतदार होते. "असले रोग येत्यात नि जात्यात" म्हणून त्यांनी एक पान उलटले नाही. वजनात व्हायचा तो फटका बसलाच.

वाफसा ओळखावा तो थोरल्यांनीच. ढेकूळ हातात घेतले की त्यांना कळते. तिथे आमची पदवीही गप्प बसते. पण को ७४० च्या काळातली सवय को ८६०३२ ला लावून चालत नाही. ही जात १९९६ साली आपल्याकडे आली, तिला साडेचार-पाच फुटी सरीत ऊन-वारा मिळाला की ती जाड भरते. बेण्याचेही तसेच. नऊ ते अकरा महिन्यांचे बेणे जोमाने उगवते, तरी गाळपाला आलेल्या उसाच्या कांड्या किंवा खोडव्याचे बेणे लावणारे अजून आहेत. "वडिलांपासून असंच लावतोय," म्हणतात. बेण्याला मात्र म्हातारपणाचा मान मिळत नाही!

सुरू लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारीत उरकायची आहे. बेणे प्लॉट बघायला वडील आणि मुलगा दोघांनी मिळून यावे. येताना गेल्या लागणीची तारीख, जात आणि खताची पोती कागदावर लिहून आणावीत. तोंडी सांगू नये; बाप-लेकांचा पोत्यांचा आकडा आजवर कधी जुळलेला नाही.